शंकासुर लॅपटॉप घेतात

ज्या माणसाचा पोटापाण्याचा उद्योगच मुळी दुसऱ्याचं म्हणणं खरं न मानण्याचा आहे, त्याने दुकानात वस्तू निवडायला जाऊ नये. शंकासुरांना हे कोणीतरी आधी सांगायला हवं होतं. अर्थात सांगितलं असतं, तरी त्यांनी ते खरं मानलं नसतं.

शंकासुर हे त्यांचं कचेरीतलं नाव. विमा कंपनीत ते नुकसान तपासनीस होते. कोणाच्या घरात पाइप फुटला, छत गळून कपाट फुगलं किंवा शेगडीच्या जाळाने पडदा पेटला, की भरपाईचा दावा यायचा आणि तो खरा की रचलेला हे बघायला शंकासुर त्या घरी जायचे. तिथे जाऊन ते फार काही करत नसत. पुढे केलेल्या खुर्चीत बसत, ओल आलेल्या भिंतीकडे बराच वेळ बघत आणि मग, "त्या वेळी तुम्ही नक्की कुठे होतात?" असं विचारून हातातल्या पेनाचं टोपण काढत. टोपण निघताना टक्कन आवाज व्हायचा. तो आवाज आणि त्यानंतरची शांतता, एवढंच त्यांचं भांडवल. त्या शांततेत भली भली माणसं रुमाल शोधायला लागायची आणि, खरं सांगायचं तर पाइप आधीपासूनच गळत होता, असं आपणहून बोलून जायची.

असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मोठ्या बाईंचं परिपत्रक आलं. मोठ्या बाई म्हणजे त्यांच्या खात्याच्या प्रमुख. पहिल्या तारखेपासून प्रत्येक तपासनीसाने आपला अहवाल दावेदाराच्या घरातच, यंत्रावर लिहून, तिथूनच पाठवायचा. यंत्र ज्याने त्याने आपल्या कामाची सोय बघून निवडावं, पैसे कचेरी देईल. ज्यांच्याकडे यंत्र नसेल त्यांनी बाहेर जायचं नाही, त्यांची रेकॉर्ड रूममध्ये सोय केली जाईल.

रेकॉर्ड रूम तळघरात होती. तिला खिडकी नव्हती. तिथे एक ट्यूबलाइट होती, ती पेटायची की नाही ते तिच्या मनावर असायचं. शंकासुर हबकले. बढती हुकली तेव्हाही इतके हबकले नव्हते. कारण परक्यांच्या घरी जाणं हे त्यांच्या नोकरीतलंच नव्हे, एकूण आयुष्यातलं सुख होतं. लोक त्यांच्यावर चिडत, रडत, शेजाऱ्यांची गाऱ्हाणी सांगत, फुगलेल्या कपाटातून जुने फोटो काढून दाखवत. सगळं शहर ते गळक्या नळांवरून ओळखत. हे सगळं सोडून तळघरात कागदांना क्रमांक घालत बसायचं, या कल्पनेनेच त्यांना एकदम म्हातारं झाल्यासारखं वाटलं.

तेव्हा यंत्र घेणं आलं. पहिला विचार त्यांनी स्वतःचा स्वतः केला आणि तो, मान्य करायला हवं, बरा होता. साधा लॅपटॉप न्यावा, तर पाणी साचलेल्या स्वयंपाकघरात तो टेकवायचा कुठे? नुसता टॅबलेट न्यावा, तर लांबलचक अहवाल काचेवर एका बोटाने कधी लिहून व्हायचा? म्हणून मधला मार्ग. पडदा मागे पूर्ण वळवला की पाटीसारखा हातात धरता येतो आणि परत उघडला की टाइप करता येतं, असा घडीचा लॅपटॉप. इथपर्यंत सगळं ठीक होतं, कारण इथपर्यंत त्यांनी कोणालाही विचारलं नव्हतं.

मग त्यांनी मेहुण्याला विचारलं. मेहुणा एका जाहिरात कंपनीत होता आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नाचं उत्तर त्याच्याकडे प्रश्न संपायच्या आत तयार असे.

"भावोजी, प्रोसेसर कुठला बघताय?" तो म्हणाला.

"मला अहवाल लिहायचाय."

"ते झालंच हो. पण उद्या तुम्हाला व्हिडिओ एडिट करावासा वाटला, तर?"

शंकासुरांना उभ्या आयुष्यात असं काही करावंसं वाटलं नव्हतं. पण मेहुण्याने हे इतक्या काळजीने विचारलं, की आपण आयत्या वेळी अडकू अशी धास्ती त्यांना वाटायला लागली. त्या आठवड्यात त्यांनी दोनदा, आपल्याला व्हिडिओ एडिट करावासा वाटतोय का, हे स्वस्थ बसून तपासून पाहिलं.

समोरच्या इमारतीतल्या काकांचं मत वेगळं होतं. काका लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीतून निवृत्त झाले होते आणि आता खिडकीत बसून रस्त्यावर देखरेख ठेवत. त्यांची खिडकी शंकासुरांच्या झोपायच्या खोलीच्या बरोबर समोर होती. सल्ला ते तिथूनच देत.

"वळणारं काही घेऊ नका हो!" ते ओरडून म्हणाले. खालून जाणारे दोघे थांबून वर बघायला लागले. "माझी अख्खी नोकरी लिफ्टच्या घडीच्या दारांवर झाली. जे वळतं ते निखळतं!"

"काका, ही बिजागरी हजारो वेळा वळवून बघितलेली असते."

"कोणी बघितली? तुम्ही होता का तिथे?"

हा खास शंकासुरांचा प्रश्न होता. तो आपल्यालाच कोणी विचारावा याचं त्यांना वाईट वाटलं आणि उत्तर नव्हतं याचं त्याहून जास्त.

बायको रुग्णालयातल्या औषधांच्या खिडकीवर काम करत असे. डॉक्टरांची अक्षरं वाचून वाचून तिला माणसाच्या मनातलंही बरंच वाचता येई. तिने एवढंच विचारलं, "अहो, पण तुम्हाला नक्की त्याच्यात काय हवंय?" सगळ्या महिनाभरात विचारला गेलेला हा एकच कामाचा प्रश्न. तो इतका सोपा होता, की शंकासुरांना अपमान झाल्यासारखं वाटलं. "तुला त्यातलं कळायचं नाही," असं म्हणून ते दुकानात गेले.

दुकानात जे झालं त्याला खरेदी म्हणता येणार नाही, ती चौकशी होती.

"बॅटरी दिवसभर चालते," विक्रेती म्हणाली.

"कोणाचा दिवस?"

"म्हणजे... आपला साधारण."

"तुम्ही स्वतः पाहिलीय का चालताना? सलग?"

"सर, कंपनी तसं म्हणते."

"कंपनी म्हणते," शंकासुर म्हणाले, आणि भिंतीकडे बराच वेळ बघत राहिले. भिंतीवर ओल नव्हती, पण सवय. तिसऱ्या खेपेपर्यंत अशी परिस्थिती आली, की शंकासुर काचेचं दार ढकलून आत शिरले की दुकानातले निम्मे लोक गोदामात माल मोजायला निघून जात.

चौथ्या खेपेला मात्र चमत्कार झाला. कंटाळलेल्या त्या विक्रेतीने टेबलावरचा एक करडा लॅपटॉप डाव्या हातात उचलला, मनगटाला हलकासा झटका दिला आणि पडदा गर्रकन मागे फिरून पाठीला जाऊन चिकटला. चिकटताना 'खट्' असा आवाज झाला. जड, गंभीर, निर्णय दिल्यासारखा आवाज.

"परत करा," शंकासुर म्हणाले.

तिने परत केलं. खट्. मग दुकानात क्षणभर शांतता पसरली. त्या शांततेत शंकासुरांना एका परक्या घरातली खुर्ची दिसली, घाम पुसणारा दावेदार दिसला आणि आपल्या हातातलं हे यंत्र दिसलं. पेनाचं टोपण या आवाजापुढे काहीच नव्हतं. प्रोसेसर, बॅटरी, बिजागरी, सगळं त्या खट्-पुढे वाहून गेलं. घरी मात्र त्यांनी, "सगळ्या बाबींचा साकल्याने विचार करता हाच योग्य ठरतो," असं सांगितलं. इतरांची खोटी कारणं ओळखण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाला स्वतःचं खोटं कारण किती पटकन पटतं, हे पाहण्यासारखं होतं.

आता मंजुरी तेवढी राहिली. कचेरीतल्या खरेदी विभागाचे हेडक्लार्क चष्म्यावरून बघत म्हणाले, "लॅपटॉप की टॅबलेट?"

"दोन्ही."

"दोन्ही असा रकाना नाही. लॅपटॉपला एक मंजुरी लागते, टॅबलेटला दुसरी. दोन्ही हवे असतील तर एकच का पुरत नाही, याचा खुलासा लागेल."

"अहो, एकच आहे. तोच वळतो."

हेडक्लार्कने पेन खाली ठेवलं. "वळतो. मग दिवसातला जास्त वेळ तो काय असतो?"

"ते कामावर अवलंबून आहे."

"आणि पिशवीत असताना?"

शंकासुरांना आयुष्यात प्रथमच समोरच्याच्या प्रश्नाने घाम फुटला. पिशवीत मिटलेला असताना तो लॅपटॉप असतो की टॅबलेट, यावर दोघांनी गंभीरपणे बराच खल केला. शेवटी हेडक्लार्कने 'लॅपटॉप' लिहून पुढे 'वाकणारा' असा शेरा मारला. शंकासुर सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात ते म्हणाले, "जुनं उपकरण जमा केलंत?"

"माझ्याकडे जुनं उपकरण नाही. मी पेनाने लिहितो."

"मग पेन जमा करा. जुनं घेतल्याशिवाय नवं देता येत नाही."

शंकासुर हसले. हेडक्लार्क हसले नाहीत. अखेर ते टक् करणारं पेन पाकिटात गेलं, पाकिटाला लाख लागली आणि ते ज्या कपाटात ठेवलं गेलं त्याची किल्ली म्हणे रजेवर असलेल्या दुसऱ्याच कोणाकडे होती. जिना उतरताना शंकासुरांना हात रिकामे रिकामे वाटत होते.

त्यामुळे करडा लॅपटॉप घरी आला, तेव्हा तो नुसता वस्तू म्हणून आला नाही, आधार म्हणून आला. आणि इथेच एक अडचण निघाली. शंकासुरांना त्याची खट् जमेना. विक्रेतीच्या मनगटात जो झटका होता तो त्यांच्या मनगटात नव्हता. त्यांनी वळवला की पडदा अर्ध्यावर थांबे आणि छताकडे पाहू लागे. दोन्ही हातांनी ढकलला, तर आवाज होई, पण तो कपाट लावल्यासारखा. समोरचा दावेदार घाबरण्याऐवजी मदतीला आला असता.

मग सरावाला पर्याय नव्हता. बायको कामावर गेली की शंकासुर झोपायच्या खोलीत आरशासमोर उभे राहत. वातावरणनिर्मिती व्हावी म्हणून कचेरीचा कोट चढवत. खाली पायजमा असे, कारण आरसा कमरेपर्यंतच होता. मग आरशातल्या माणसाकडे संशयाने बघून ते विचारत, "त्या वेळी तुम्ही नक्की कुठे होतात?" आणि खट्. आरशातला माणूस दिवसेंदिवस जास्त जास्त अपराधी दिसू लागला, हे खरं सांगायचं तर उत्तेजन देणारंच होतं.

पहिली तारीख चार दिवसांवर आली असताना शंकासुरांनी ठरवलं, की आता एका हाताने, न बघता जमलं पाहिजे. त्यांनी प्रश्न विचारला, नजर आरशातल्या माणसाच्या डोळ्यांत रोवली आणि मनगटाला असा काही झटका दिला, की यंत्र हातातून सुटलं, हवेत उघडझाप करत कपाटाच्या मुठीत अडकलं, तिथे एक गिरकी घेऊन पलंगाच्या कडेवर आपटलं आणि खालच्या सतरंजीवर आलं. या वेळी आवाज खट् असा नव्हता. पडदा एका पातळ पट्टीवर लोंबत होता. निखळलेल्या खांद्याखाली हात लोंबावा तसा.

समोरच्या खिडकीतून आवाज आला, "निखळला?"

शंकासुरांनी खिडकीचा पडदा ओढून घेतला.

यंत्राचा विमा त्यांच्याच कंपनीचा होता, म्हणजे दावा त्यांच्याच खात्याकडे जाणार. आणि चौकशीला कोणीतरी येणार ते शंकासुरांच्याच घरी. मेहुणा धावत आला आणि नेहमीप्रमाणे उत्तर घेऊन आला.

"सरळ सांगायचं, टेबलावर होता, वाऱ्याने खिडकीचा पडदा उडाला, त्यात अडकून खाली पडला. साधं, सुटसुटीत."

"पण ते खोटं आहे."

"भावोजी, मग काय, आरशासमोर नाचत होतो म्हणून सांगणार?"

"नाचत नव्हतो," शंकासुर खोल आवाजात म्हणाले. पण दावा नामंजूर झाला तर पहिल्या तारखेला हातात यंत्र नाही, आणि यंत्र नाही म्हणजे तळघर. त्यांच्या डोळ्यांपुढे ती मनमानी ट्यूबलाइट लुकलुकली. "वाऱ्याने," ते म्हणाले. "पडदा उडाला. ठीक."

चौकशीला जी आली तिला शंकासुरांनीच दोन वर्षं हाताखाली घेऊन तयार केलं होतं. खात्यातली सगळ्यांत धाकटी तपासनीस. ती "नमस्कार सर" म्हणाली, पुढे केलेल्या खुर्चीत बसली, बायकोने दिलेलं पाणी प्यायली आणि भिंतीकडे बराच वेळ बघत राहिली. शंकासुरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते हे बघणं ओळखत होते.

"त्या वेळी तुम्ही नक्की कुठे होतात, सर?"

"स्वयंपाकघरात. वारा आला. पडदा—"

ती काही बोलली नाही. नुसती बसून राहिली. ती शांतता शंकासुरांनीच तिला शिकवली होती, घरोघर नेऊन, प्रात्यक्षिकासह. ती आतून किती लांब असते हे त्यांना आज कळलं. ते खिशात रुमाल शोधायला लागले.

"कोपरे सगळे शाबूत आहेत," ती यंत्र उलटसुलट करत म्हणाली. "टेबलावरून पडला असता तर एखादा तरी चेपला असता. बिजागरी मात्र पिळवटलीय. आणि पाठीवर हा ओरखडा. वाऱ्याने असा ओरखडा येतो, सर?"

"वारा जोराचा होता," मेहुणा मदतीला आला.

तेवढ्यात दारावर थाप पडली. काका होते. निवृत्तीनंतर प्रथमच त्यांनी रस्ता ओलांडला होता आणि त्यांच्या चेहऱ्यावर, कोणीतरी शेवटी आपलं मत विचारणार, असा आनंद ओसंडत होता. "चौकशी सुरू झाली वाटतं? मी साक्षीदार आहे. आठवडाभर बघतोय. वर कोट, खाली पायजमा, आरशासमोर उभे राहून स्वतःलाच दम देतात आणि ते यंत्र फिरवतात. त्या दिवशी उडालं. मी आधीच सांगितलं होतं, जे वळतं ते—"

"काका!" शंकासुर म्हणाले.

पण आता उशीर झाला होता. धाकटी तपासनीस शांतपणे म्हणाली, "करून दाखवता, सर?"

हा नियमच होता. संशय आला तर घटना दावेदाराकडून करवून घ्यायची. नियम लागू व्हावा म्हणून जुन्या काळी भांडले होते ते शंकासुरच. हातात धरायला काहीतरी वळणारं हवं होतं, म्हणून बायकोने कपाटातून बुद्धिबळाचा घडीचा पट आणला. तिच्या चेहऱ्यावरची रेषा हलली नव्हती.

"मला आधीच संशय होता," ती म्हणाली. "परवा घरी विसरलेली छत्री न्यायला आले, तर आतून आवाज. 'तुम्ही नक्की कुठे होतात?' म्हटलं, कोणावर ओरडताय? दारातून बघितलं आणि तशीच परत गेले. छत्री राहिलीच."

मग शंकासुरांनी कोट चढवला. बायकोच्या, मेहुण्याच्या, काकांच्या आणि आपल्या हाताखाली शिकलेल्या मुलीच्या देखत ते आरशासमोर उभे राहिले आणि त्यांनी आरशातल्या माणसाला, तो त्या वेळी नक्की कुठे होता, हे विचारलं. आवाज जरा फाटला. मनगटाला झटका दिला. पट उघडला आणि आतली सगळी प्यादी घरंगळत पलंगाखाली गेली. काका आपणहून टाळ्या वाजवायला लागले आणि कोणीच साथ देत नाही म्हटल्यावर थांबले.

"मंजूर," धाकटी तपासनीस म्हणाली.

शंकासुर गर्रकन वळले. आतापर्यंत लाजेने तांबडे झालेले त्यांचे कान आता रागाने तांबडे झाले. "मंजूर? एवढ्यात? कपाटाच्या मुठीची उंची मोजलीस? साक्षीदार शेजारी आहे, त्याचं माझं साटंलोटं आहे का विचारलंस? उद्या कोणीही उठून पायजम्यात नाचून दाखवेल आणि तू पैसे देत सुटशील? हेच शिकवलं मी तुला?"

"सर," ती म्हणाली, आणि प्रथमच हसली, "वाऱ्याची गोष्ट माणूस रचतो. ही कोण रचेल?"

शंकासुरांनी कोट उतरवला. ते पलंगावर बसले.

तिने आपलं यंत्र उघडलं. ते साधंसुधं होतं, काही वळत नव्हतं. तिने तिथेच बसून अहवाल लिहिला आणि वाचून दाखवला, "अर्जदार हे वर कोट व खाली पायजमा अशा वेशात शयनगृहातील आरशासमोर उभे राहून, स्वतःच्याच प्रतिबिंबास दावेदार समजून, चौकशीचा सराव करीत असताना..."

"पायजम्याची काय गरज आहे?"

"पायजमा वगळते."

"आणि आरसा?"

ती थांबली. "आरसा वगळता येईल, सर. पण मग घरात यंत्राशी खेळत होते आणि तुटलं, एवढंच उरतं. खेळताना तुटलेल्याला भरपाई नाही. आरसा असेल तर तो सराव ठरतो आणि सराव कामात धरता येतो." मग जरा खाली बघून ती म्हणाली, "पण मोठ्या बाई यंत्रांचे दावे सोमवारच्या बैठकीत सगळ्यांपुढे वाचतात, हे तुम्हाला माहीत आहे."

माहीत होतं. सगळं खातं त्यांना दिसलं. वीस-बावीस माणसं, ज्यांच्यापुढे ते आजवर कधी हसलेसुद्धा नव्हते. मग त्यांना एक अनोळखी दार दिसलं, आत कोणीतरी चिडून बसलेलं, छतावर ओल, आणि आपल्यासाठी पुढे केलेली खुर्ची. मेहुणा तोंड उघडत होता, पण बायकोने त्याच्याकडे एकदाच बघितलं आणि त्याने ते मिटलं. खोलीत सगळे गप्प होते. शंकासुरांनी त्या शांततेत बराच वेळ घेतला.

"राहू दे आरसा," ते म्हणाले. "फक्त 'प्रतिबिंबास दावेदार समजून' लिहिलंयस, तिथे 'प्रतिबिंबावर संशय घेऊन' असं कर. सोमवारी हसतील तर हसू देत, पण माझं काम मला येत नाही असं कोणी म्हणायला नको."